पाचव्या महिन्यातली भीती आणि शिरोडकरांचा टाका

दिवस राहतात, पोट दिसू लागते आणि एके दिवशी फारशी कळ न येता सारे संपते. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. अशा स्त्रियांच्या नशिबाला बोल न लावता त्यांच्या दुखण्याचे मूळ शोधणाऱ्या एका मराठी डॉक्टरची ही कहाणी.

सातवा महिना लागला की आपल्याकडे घरात डोहाळजेवणाची गडबड सुरू होते. हिरवी साडी, फुलांची वाडी, पेढा की बर्फी याची थट्टामस्करी. पण काही घरांत हा विषय निघाला की सासूबाई हलक्या आवाजात म्हणतात, "इतक्यात नको. आधी सुखरूप होऊ दे." शेजारीपाजारी तर बातमीही कळलेली नसते. सून घराबाहेर पडत नाही, पोट पदराखाली झाकून ठेवते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान उलटताना मनातल्या मनात आठवडे मोजते. कारण गेल्या खेपेला पाचव्या महिन्यात घात झालेला असतो. त्याच्या आधीच्या खेपेलाही तसाच.

आणि मग कधीतरी एखादी मावशी हळूच विचारते, "टाका घातलाय का गं?" सून मान हलवते. मावशीच्या जिवात जीव येतो.

हा 'टाका' म्हणजे काय हे आज आपल्याकडच्या बहुतेक बायकांना ऐकून तरी ठाऊक असते. गर्भपिशवीच्या तोंडाला घातलेला टाका. जगभरचे डॉक्टर त्याला ज्या नावाने ओळखतात ते नाव मात्र आपल्या घरातले आहे : शिरोडकर स्टिच. हे शिरोडकर कोण, त्यांना हे सुचले कसे, आणि सत्तर वर्षांनंतर त्यांच्या टाक्याबद्दल वैद्यकशास्त्र काय म्हणते, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावे असे आहे.

शिरोड्याचा मुलगा

विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडा या गावी झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते. गोव्यातील कित्येक हुशार मुलांप्रमाणे पुढील शिक्षणासाठी त्यांनीही मुंबईची वाट धरली. ग्रँट मेडिकल कॉलेजमधून ते डॉक्टर झाले. १९२७ मध्ये स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र या विषयात त्यांनी एम. डी. ही पदवी मिळवली. त्यानंतर ते इंग्लंडला गेले आणि १९३१ मध्ये एफ. आर. सी. एस. होऊन परतले.

विलायतेची अशी पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरला मुंबईत खासगी व्यवसायात पैसा आणि मान दोन्ही मिळत असे. शिरोडकरांनाही ते मिळाले. पण ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेले जे. जे. रुग्णालय यांच्याशीही त्यांचे नाते राहिले. तिथे ते प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

सरकारी इस्पितळाचा स्त्रियांचा वॉर्ड ही मोठी शाळा असते. गिरणगावातल्या चाळीतून, कोकणातून, घाटावरून, ठाण्यापलीकडच्या खेड्यांतून बायका तिथे येतात. सुखवस्तू घरातील बाई पहिल्याच त्रासाला डॉक्टर गाठते. गरीब घरातली बाई बहुधा सगळे उपाय थकल्यावर येते. अंगारे झालेले असतात, नवस झालेले असतात, गावच्या सुईणीचे पोट चोळून झालेले असते. चार, पाच, सहा मुले हातची गेलेली असतात. अशा बायकांची हकिकत नीट ऐकून घेणाऱ्या डॉक्टरला पुस्तकात न सापडणाऱ्या गोष्टी कळू लागतात.

बोल कुणाला?

त्या काळात वारंवार पोट पडणाऱ्या बाईच्या वाट्याला काय येत असे? घरात ती पांढऱ्या पायाची ठरे. कुणाची तरी दृष्ट लागली, कुणी करणी केली, पूर्वजन्मीचे पाप आडवे आले, असे बोलले जाई. काही घरांत नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची भाषा सुरू होई. मूल गमावल्याचे दुःख बाजूलाच राही आणि गुन्हेगार असल्यासारखे तिला वागवले जाई.

दवाखान्यातले उत्तरही फारसे वेगळे नव्हते, फक्त भाषा शास्त्राची होती. 'विश्रांती घ्या' हा पहिला सल्ला. खाटेचा पायथा उंच करून महिनोन्महिने पडून राहायचे. दुसरा उपाय संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा. अमेरिकेत तर स्टिलबेस्ट्रॉल नावाचे कृत्रिम संप्रेरक गर्भ टिकावा म्हणून गरोदर स्त्रियांना सर्रास दिले जात होते. १९५३ मध्ये शिकागोच्या डॉक्टरांनी रीतसर तुलना करून दाखवले, की या औषधाने गर्भपात टळत नाही. तरीही ते पुढे कित्येक वर्षे दिले जात राहिले. अखेर १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले, की हे औषध घेतलेल्या मातांच्या मुलींना ऐन तारुण्यात योनिमार्गाचा एक दुर्मीळ कॅन्सर होत आहे. तेव्हा कुठे गरोदरपणातला त्याचा वापर थांबला. आणखी एक दैवदुर्विलास असा, की त्या मुलींपैकी काहींच्या गर्भाशयाचे तोंडही जन्मतः कमजोर निघाले.

मुंबईतही विश्रांती आणि संप्रेरके हेच उपाय होते. शिरोडकरांना मात्र दिसत होते, की काही बायकांच्या बाबतीत यातले काहीही उपयोगी पडत नाही. या बायकांची हकिकत अगदी एकसारखी असे. पहिले तीन महिने निर्वेध जातात. गर्भ चांगला वाढतो. बाळाची हालचालही जाणवू लागते. चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान ओटीपोटात थोडे जड वाटते, पांढरे जरा जास्त जाते, आणि कळा सुरू होण्याआधीच पाण्याची पिशवी खाली येऊन फुटते. बाळ बहुधा निर्दोष असते. ते फक्त फार लवकर आलेले असते.

बोटांना लागलेला पत्ता

इथे थोडी शरीराची रचना समजून घेतली पाहिजे. गर्भाशय म्हणजे तोंड खाली करून टांगलेली पिशवी. या पिशवीचे तोंड म्हणजे गर्भाशयमुख. ते साधारण तीन ते चार सेंटीमीटर लांबीचे, टणक आणि घट्ट मिटलेले असते. बाळाचा, पाण्याचा, वारेचा सगळा भार वरून येत असताना नऊ महिने मिटून राहायचे आणि बाळंतपणाच्या वेळी काही तासांत मऊ होऊन पूर्ण उघडायचे, अशी दुहेरी कामगिरी त्याला पार पाडावी लागते.

काही स्त्रियांत हे तोंड मुळातच कमजोर असते. काहींच्या बाबतीत आधीच्या अवघड बाळंतपणात ते फाटलेले असते किंवा पिशवी साफ करताना त्याला इजा झालेली असते. मग गर्भाचा भार वाढू लागला, की आतल्या बाजूने ते हळूहळू सुटत जाते. कळा येत नाहीत, म्हणून बाईला पत्ता लागत नाही. कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

ही कल्पना अगदी नवी होती असे नाही. १६५८ मध्ये लंडनमध्ये छापलेल्या एका वैद्यकग्रंथातही गर्भाशयाचे तोंड सैल असल्याचा उल्लेख सापडतो. १९४८ मध्ये फ्रान्समध्ये आणि १९५० मध्ये अमेरिकेत काही डॉक्टरांनी अशा तोंडाची शस्त्रक्रिया करून दुरुस्तीही केली होती. पण ती बाई गरोदर नसताना. त्यात दोन अडचणी होत्या. गरोदर नसताना हा दोष ओळखणे कठीण, आणि शस्त्रक्रियेनंतर पुन्हा दिवस राहतीलच याची खात्री नाही.

शिरोडकरांनी अशा बायकांना गरोदरपणीच पुन्हा पुन्हा तपासायला सुरुवात केली. सोनोग्राफी तेव्हा नव्हतीच. पोटातल्या बाळाची अशी चित्रे जगापुढे आली ती १९५८ मध्ये, ग्लासगोहून. शिरोडकरांपाशी होती ती स्वतःची दोन बोटे आणि त्या बोटांतला अनुभव. काही दिवसांच्या अंतराने केलेल्या या तपासण्यांतून त्यांना जाणवले, की गर्भाशयाचे आतले तोंड हळूहळू पसरत चालले आहे. गर्भ जिवंत आहे, कळा नाहीत, रक्तस्राव नाही, आणि तरीही दार उघडते आहे.

असे असेल तर संप्रेरके देऊन काय होणार? दाराची कडी तुटली असेल, तर ती बसवलीच पाहिजे!

मांडीतून काढलेली पट्टी

विचार सोपा होता, पण धाडस मोठे होते. गरोदर बाईच्या गर्भाशयमुखाला हात लावणे म्हणजे गर्भपाताला आमंत्रण, असे तेव्हा मानले जाई. त्यातच ही बाई आधीच अनेक मुले गमावलेली. शस्त्रक्रियेनंतर पोट पडले असते, तर त्याचा ठपका थेट डॉक्टरवर आला असता.

शिरोडकरांनी केलेली शस्त्रक्रिया थोडक्यात अशी. गर्भाशयमुखाच्या पुढच्या बाजूला लहानसा छेद घ्यायचा आणि मूत्राशय अलगद वर सरकवायचे. मागच्या बाजूलाही तसाच एक छेद घ्यायचा. मग विशिष्ट वळणाच्या सुईने दोन्ही कडांनी त्वचेखालून एक पट्टी ओवून घ्यायची आणि जिथे कमजोरी आहे, त्या आतल्या तोंडाच्या पातळीवर ती आवळून बांधायची. पान-सुपारीच्या बटव्याची नाडी ओढावी तसे! शेवटी वरची त्वचा शिवून टाकायची, म्हणजे पट्टी आत झाकली जाते.

पट्टी कशाची वापरायची, हाही प्रश्न होताच. बाहेरची वस्तू शरीराने स्वीकारली नाही तर? शिरोडकरांनी त्याचे उत्तर बाईच्याच शरीरात शोधले. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूंवर एक चिवट पांढरे आवरण असते. त्यातली पातळ पट्टी काढून त्यांनी ती गर्भाशयमुखाभोवती बांधली. आईच्याच मांडीतला धागा तिच्या बाळाला धरून ठेवी.

ही शस्त्रक्रिया त्यांनी १९५५ मध्ये 'द अँटिसेप्टिक' या भारतीय वैद्यकीय मासिकातील एका छोट्याशा लेखात मांडली. लेख कसला, अवघे पान-दोन पानांचे टिपण! पण त्यातली एक बाब नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांनी लिहिले ते चार ते अकरा वेळा पोट पडलेल्या स्त्रियांबद्दल, आणि त्यांतही ज्यांचे आतले तोंड कमजोर असल्याचे वारंवार तपासून सिद्ध करता आले, अशांबद्दल. दिसेल त्या बाईला टाका घालावा, असे शिरोडकरांनी म्हटले नव्हते. या गोष्टीचे महत्त्व पुढे अनेक वर्षांनी कळणार होते.

अकरा वेळा! ज्या बाईने अकरा वेळा आशा धरली आणि अकरा वेळा रिकाम्या हाताने घरी परतली, तिने बाराव्या खेपेला एका नव्या शस्त्रक्रियेसाठी टेबलावर झोपायला होकार द्यायचा, यात धाडस फक्त डॉक्टरचेच होते का? वैद्यकशास्त्राच्या इतिहासात शल्यचिकित्सकाचे नाव राहते. त्याच्यावर विश्वास टाकणाऱ्या या बायकांची नावे कुठेच नाहीत.

मुंबईहून जगाकडे

बातमी पसरायला वेळ लागला नाही. दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, मेलबर्नचे डॉक्टर इयन मॅक्डोनाल्ड यांनी आपल्या सत्तर रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांची पद्धत अधिक सोपी होती. छेद नाही, मूत्राशय सरकवणे नाही. गर्भाशयमुखाभोवती बाहेरूनच रेशमी धाग्याचे टाके घेत फिरायचे आणि गाठ मारायची. आज बहुतेक ठिकाणी हाच टाका घातला जातो. पण बोलताना पुष्कळदा नाव शिरोडकरांचेच घेतले जाते! शिरोडकरांच्या पद्धतीतही बदल झाला. मांडीतल्या पट्टीची जागा पुढे मर्सिलीन या कृत्रिम धाग्याच्या फितीने घेतली. त्यामुळे मांडीवर छेद घेण्याची गरज उरली नाही.

शिरोडकरांचे काम एवढ्यावरच थांबले नव्हते. तरुण वयात अंग बाहेर येणाऱ्या स्त्रियांची पिशवी काढून न टाकता ती पट्टीच्या आधाराने वर टांगून ठेवण्याची शस्त्रक्रिया त्यांनी विकसित केली. बंद पडलेल्या गर्भनलिका मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रियेतही त्यांनी मोलाची भर घातली. या सगळ्या कामात एक समान सूत्र दिसते. बाईचा अवयव काढून टाकणे सोपे असते. तो राखून, दुरुस्त करून तिची आई होण्याची शक्यता कायम ठेवणे अवघड. शिरोडकरांनी आयुष्यभर अवघड वाट धरली. आपले सारे अनुभव त्यांनी १९६० मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात एकत्र केले. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १९७१ मध्ये पद्मविभूषणही जाहीर झाले, आणि त्याच वर्षी ७ मार्च रोजी त्यांचे निधन झाले.

सगळ्यांनाच टाका?

कुठल्याही गुणकारी उपायाचे एक दुखणे असते. तो लोकप्रिय झाला, की कुणालाही दिला जाऊ लागतो. टाक्याचेही तसेच झाले. एकदा पोट पडले, घाला टाका. जुळी आहेत, घाला टाका. घरच्यांना भीती वाटते, घाला टाका. काही ठिकाणी तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत गर्भपात झालेल्या बाईलाही पुढच्या खेपेला टाका घातला जाऊ लागला. वास्तविक इतक्या लवकर होणाऱ्या गर्भपाताचा पिशवीच्या तोंडाशी सहसा संबंध नसतो. पुष्कळदा त्या गर्भाच्याच गुणसूत्रांत दोष असतो, आणि तिथे टाक्याचा काही उपयोग नाही.

मग खरेच कुणाला फायदा होतो? याचा छडा लावण्यासाठी ब्रिटनच्या पुढाकाराने बारा देशांत एक मोठी पाहणी झाली. १२९२ गरोदर स्त्रिया तीत सहभागी झाल्या. टाका घालावा की नाही, याबद्दल ज्यांच्या डॉक्टरांनाच शंका होती, अशा या स्त्रिया. निम्म्यांना टाका घातला, निम्म्यांना नाही. निष्कर्ष १९९३ मध्ये जाहीर झाले. ३३ आठवड्यांच्या आत बाळंत होण्याचे प्रमाण टाका घातलेल्यांत १३ टक्के होते, तर न घातलेल्यांत १७ टक्के. म्हणजे अशा पंचवीस स्त्रियांना टाका घातला, तर एकीचे अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण टळते. शिवाय टाका घातलेल्यांत बाळंतपणानंतर ताप येण्याचे प्रमाण दुप्पट आढळले.

पण त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. ज्या स्त्रियांना पूर्वी तीन किंवा अधिक वेळा उशिराचा गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण झाले होते, त्यांच्यात टाक्याने हे प्रमाण ३२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले. निम्म्याहूनही कमी! म्हणजे ज्यांच्यासाठी शिरोडकरांनी हा टाका शोधला, अगदी त्याच बायकांना त्याचा भरघोस फायदा होतो. १९५५ साली दोन बोटांच्या तपासणीवर विसंबून त्यांनी केलेली निवड अडतीस वर्षांनी बारा देशांच्या आकड्यांनी खरी ठरवली.

आता बोटांच्या जोडीला यंत्रही आले आहे. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयमुखाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजता येते. अमेरिकेत २९१५ गरोदर स्त्रियांच्या तपासणीतून १९९६ मध्ये दिसून आले, की हे तोंड जितके आखूड, तितका अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका अधिक. त्यामुळे आज डॉक्टर बहुधा तीन वाटांनी टाक्याचा निर्णय घेतात. पूर्वी असे घात वारंवार झालेले असतील, तर बाराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या सुमारास टाका घालतात. पूर्वी अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण झाले असेल, तर मधूनमधून लांबी मोजतात आणि ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी झाल्यास टाक्याचा विचार करतात. आणि तपासताना तोंड उघडू लागलेले आढळले, तर तातडीचा टाका. केवळ तोंड आखूड दिसले आणि पूर्वीचा काही त्रास नसेल, तर योनिमार्गात ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनीही पुष्कळदा काम होते. पोटात जुळी असताना केवळ आखूड तोंडासाठी घातलेला टाका मात्र फायद्याचा असल्याचे सिद्ध झालेले नाही.

ज्यांचा नेहमीचा टाकाही निष्फळ ठरतो, त्यांच्यासाठी पोटातून शस्त्रक्रिया करून गर्भाशयमुखाच्या अगदी वरच्या टोकाला फीत बांधता येते. ही पद्धत १९६५ मध्ये अमेरिकेत प्रथम मांडली गेली. आधीचा टाका फसलेल्या १११ स्त्रियांची ब्रिटनमधील पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ३२ आठवड्यांच्या आत बाळंत होण्याचे प्रमाण पोटातून टाका घातलेल्यांत ८ टक्के, तर खालून नेहमीचा टाका घातलेल्यांत ३३ टक्के निघाले. अशा स्त्रीला सिझेरियनच करावे लागते, पण बाळ हाती लागते.

घरच्यांनी हे लक्षात ठेवावे

पूर्वी चौथ्या ते सातव्या महिन्यात पोट पडले असेल, तर पुढच्या खेपेला दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सारी हकिकत सांगावी. किती आठवडे झाले होते, आधी कळा आल्या की आधी पाणी गेले, पिशवी साफ केली होती का, हे तपशील निदानाला फार उपयोगी पडतात. जुने कागद फेकू नयेत. लाजेखातर एखादा गर्भपात लपवणे म्हणजे या बाळाशी वैर करणे.

टाका घालणे ही छोटी शस्त्रक्रिया आहे. बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन ती करतात. आधी सोनोग्राफी करून बाळ ठीक असल्याची खात्री केली जाते. जंतुसंसर्ग, रक्तस्राव किंवा कळा असतील, तर टाका घालत नाहीत.

टाका घातला म्हणजे नऊ महिने खाटेवर पडून राहायचे, हा समज जुना आहे. सक्तीच्या विश्रांतीने बाळंतपण लांबते, असे सिद्ध झालेले नाही. उलट सतत पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. जड वजन उचलणे, दगदग, शरीरसंबंध याबद्दल डॉक्टर सांगतील ते पाळावे, पण घरात चालण्याफिरण्याला सहसा हरकत नसते.

ताप, ओटीपोटात कळ, रक्त दिसणे, पाणी जाणे यांतले काहीही झाले, तर सकाळची वाट पाहू नये. ताबडतोब इस्पितळ गाठावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. टाका साधारणपणे छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात काढावा लागतो. तो तसाच असताना जोराच्या कळा सुरू झाल्या, तर गर्भाशयाचे तोंड फाटू शकते. आपल्याकडे मुली बाळंतपणाला माहेरी जातात. टाका घालणारा डॉक्टर सासरच्या गावी आणि बाळंतपण दुसऱ्याच गावी! म्हणून माहेरी पाठवताना ओटीत नारळ घालायला विसरले तरी चालेल, पण टाक्याची नोंद असलेला कागद तिच्या पिशवीत घालायला विसरू नये. मुलीच्या आईलाही स्पष्ट सांगावे, की टाका आहे आणि अमुक तारखेला काढायचा आहे.

उरलेली गोष्ट

डोहाळजेवणाला घाबरणारी ती सून आठवते? तिच्या सासूबाईंची भीती समजण्यासारखी आहे. पण भीतीतून तिच्याकडे बघण्याची जी नजर तयार होते, तिचे काय? 'हिच्याकडे मूल टिकत नाही' या एका वाक्यात बाईला दोषी ठरवून घर मोकळे होते. शिरोडकरांनी वेगळा प्रश्न विचारला : का टिकत नाही? त्यांनी हात लावून पाहिले आणि उत्तर शोधले. दोष तिच्या पायगुणात नव्हता, पूर्वजन्मात नव्हता, तिच्या वागण्यात नव्हता. तो तीन-चार सेंटीमीटरच्या एका मांसल नळीत होता, आणि तो बांधता येत होता.

प्रत्येक वेळी टाका हेच उत्तर असेल असे नाही. कधी कारण वेगळे निघेल, कधी ते सापडणारही नाही. पण कारण शोधायचे असते, बाईला बोल लावायचा नसतो, हे शिरोडकरांनी दाखवून दिले. त्यांच्या टाक्याच्या जोरावर आपल्या घरांत जन्मलेली मुले आता स्वतः आजी-आजोबा झाली असतील. त्यांपैकी कित्येकांना आपण कुणाच्या नावाच्या गाठीने नऊ महिने तग धरला, हे ठाऊकही नसेल.

घरात अशी कुणी असेल, तर तिला एवढेच सांगावे, "तुझं काही चुकलेलं नाही. चल, डॉक्टरांकडे जाऊ."